चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू

गोव्यात कॉलेजच्या फुटबॉल टीमचा दमसास दरवर्षी पावसात वाहून जातो. जूनमध्ये मैदानात पाणी साचतं, लाल मातीचा चिखल होतो, गोलपोस्टपाशी तर पाय घोट्यापर्यंत रुततात. सप्टेंबर संपेपर्यंत तिथे धावणं म्हणजे गुडघा मुरगळून घेणं. म्हापशाला धुळेर स्टेडियमवर कृत्रिम हिरवळ आहे, पण ती एकटी सगळ्यांना पुरणार कशी? त्यामुळे ऑक्टोबरमध्ये आम्ही मुली मैदानात उतरायचो तेव्हा चेंडूवरचा हात, म्हणजे पाय, बसलेला असायचा, पण दम नसायचा. पहिला हाफ निभायचा आणि दुसऱ्या हाफला मिडफिल्ड मोकळं पडायचं. मी मिडफिल्डलाच खेळते. प्रतिस्पर्धी मुलगी डोळ्यांसमोरून चेंडू घेऊन जातेय आणि आपले पाय उचलत नाहीत, हे दुःख मला चांगलं ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या फिजिकल एज्युकेशनच्या मॅडमनी ठरवलं, यंदा दम हॉलमध्ये तयार करायचा. जिमच्या कोपऱ्यात काही स्पिन सायकली, म्हणजे एका जागी चालवायच्या सायकली, होत्या, कोणी फारसं त्यांच्याकडे फिरकत नसे. त्या बास्केटबॉल कोर्टच्या कडेला आणून ठेवल्या आणि आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती ठेवून, आमचं इंटरव्हल सायकलिंग, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू सायकल मारणं, सुरू झालं. त्या सगळ्या प्रक्रियेतून गेल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. या व्यायामात जीव तोडणं महत्त्वाचं नाही, मापात राहणं महत्त्वाचं आहे. ते कसं, हेच सांगायचं आहे.

सुरुवातीला कोणाला सायकलवर बसूच दिलं नाही. मॅडम म्हणाल्या, "आधी सगळ्या रक्त तपासून या गो. डॉक्टरांकडून छाती पण तपासून घ्या." आम्हाला वाटलं, ही नेहमीची कागदपत्रं. पण कारण ऐकल्यावर मी घरी जाऊन आईलाही सांगितलं. शरीरात प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर प्राणवायू धरतं. म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर सुमारे 16 मिलिलिटर प्राणवायू मावतो, आणि 9 असेल तर जेमतेम 12. चौथा हिस्सा तिथेच गेला! मग हृदयाने कितीही जोर लावला तरी मांडीच्या स्नायूंना पुरेसं पोचणार कुठून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या होत्या. मुलींच्या टीमला दमाचा व्यायाम देताना हा आकडा डोळ्यांसमोर नसेल तर तो व्यायाम अर्धाच, असं मी ठामपणे म्हणते.

आमच्यातल्या दोघींचं 12 च्या खाली निघालं. त्यांतली एक आमची विंगर, सत्तरी तालुक्यातली. तिला सगळे वर्षभर "आळशी" म्हणत होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणाबरोबर चहा घ्यायचा नाही असं बजावलं, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आमच्याकडे सकाळचा पाव-भाजी आणि चहा म्हणजे जोडीच. ती तिने तोडली, चहा तासभर पुढे ढकलला, तांबड्या भाजीवर लिंबू पिळायला लागली. डॉक्टर हो म्हणेपर्यंत ती आमच्या शेजारच्या सायकलवर नुसती हळू पाय मारत बसायची. जोराच्या फेऱ्यांना तिला हात लावू दिला नाही.

मग चाचण्या झाल्या. प्रयोगशाळेत तोंडाला मास्क लावून श्वासातला प्राणवायू मोजतात, तसलं यंत्र आमच्याकडे नव्हतं. आम्ही यो-यो चाचणी केली. डेन्मार्कच्या येन्स बांग्सबो यांनी खेळाडूंसाठी तयार केलेली ही चाचणी आहे. 20 मीटर जायचं, वळून 20 मीटर यायचं, मग 10 सेकंदांत पाच मीटर चालून परत. स्पीकरवर बीप वाजतो आणि बीपांमधलं अंतर कमी कमी होत जातं. बास्केटबॉलचं कोर्ट 28 मीटर लांब असतं, त्यामुळे ही चाचणी त्यात बरोबर बसते. पावसाळ्यातल्या गोव्यासाठी याहून सोयीची चाचणी मला माहीत नाही. माझे 760 मीटर झाले. बांग्सबो यांच्या सूत्रात घातले तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे मिनिटाला सुमारे 42.8 मिलिलिटर प्राणवायू वापरण्याची क्षमता येते. यालाच व्हीओटू मॅक्स म्हणतात. सूत्रातून आलेला आकडा अंदाजच असतो, म्हणून मॅडमनी वहीत मीटर लिहिले. पुढे तुलना मीटरांचीच करायची.

दुसरी मोजणी हृदयाच्या ठोक्यांची. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच घसरते. "220 वजा वय" हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. माझं वय 20, म्हणजे कमाल ठोके 200. 2001 मध्ये आलेलं दुसरं सूत्र आहे, 208 वजा वयाच्या 0.7 पट. त्याने 194 येतात. यो-योच्या शेवटी माझ्या छातीवरच्या पट्ट्याने 196 दाखवले. आणि सायकलवर भार वाढवत वाढवत, आता एक फेराही होणार नाही अशा अवस्थेत पोचले, तेव्हा 189! धावताना सगळं शरीर कामाला लागतं, सायकलवर मुख्यतः पाय. ज्यांना सायकलची सवय नाही त्यांच्या मांड्या हृदयाच्या आधी हात टेकतात. म्हणून सायकलवरचा व्यायाम सायकलवरच्या कमाल ठोक्यांवरून ठरवायचा. 189 च्या 90 ते 95 टक्के म्हणजे 170 ते 180. मी 200 धरून चालले असते तर मला 180 ते 190 गाठायला सांगितलं गेलं असतं, आणि ते चार मिनिटं टिकवणं मला शक्य नव्हतं.

सीटची उंची हाही असाच दुर्लक्षित भाग. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा, साधारण 25 ते 30 अंश. सीट खाली राहिली की गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो, फार वर गेली की कंबर डावी-उजवीकडे डुलते. प्रत्येकीच्या सीटचा नंबर वहीत लिहिला होता. दोनच सायकलींवर वॅट, म्हणजे पायांनी लावलेल्या जोराचा आकडा, दिसायचे. बाकीच्यांवर आमच्या गोलकीपरने भाराच्या नॉबवर नेलपॉलिशचे ठिपके काढले, लाल ठिपका जोराचा, गुलाबी हलका. ते ठिपके आजही तिथे आहेत.

आता प्रत्यक्ष व्यायाम. दहा मिनिटं हळू सायकल, अंग गरम होईपर्यंत. मग चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. शेवटी पुन्हा हळू. सगळं मिळून चाळीसेक मिनिटांत आटोपतं. ऐकायला सोपं वाटतं.

छातीचा पट्टा ओला करून बांधावा लागतो, नाहीतर ठोके पकडत नाही. पावसाळी सकाळी तो गार पट्टा बरगड्यांना लागला की अंगावर शहारा यायचा. पहिल्या चार मिनिटांत सुरुवातीला काहीच होत नाही. पाय मिनिटाला 85-90 फेरे मारताहेत, भार लाल ठिपक्यावर, आणि घड्याळात ठोके 150. मुलींना वाटतं, भार कमी पडतोय, म्हणून त्या नॉब आणखी आवळतात. मॅडमचा नियम कडक होता: पहिलं दीड मिनिट नॉबला हात लावायचा नाही. हृदय मागून येतं. स्नायूंनी काम सुरू केलं तरी ठोके चढायला दीड-दोन मिनिटं घेतात. आणि खरंच, दुसरं मिनिट संपता संपता 168, मग 172, मग तो आकडा तिथेच ठरायचा आणि खरी परीक्षा सुरू व्हायची. श्वास तोंडाने, मांडीच्या पुढच्या बाजूला आग, कानात आपलाच आवाज.

तेव्हा मॅडम प्रत्येकीपाशी यायच्या आणि विचारायच्या, "नाव?" नाव सांगता आलं तर ठीक. नाव आणि आडनाव एका दमात सांगितलं तर नॉब थोडा आवळायचा. नाव, आडनाव आणि वर गावही सांगितलं तर भार अगदीच कमी. आणि नावसुद्धा निघालं नाही तर भार उतरवायचा, हा भाग कोणी विसरू नये. ज्यांच्याकडे पट्टा नव्हता त्यांना एवढ्यावरही नीट काम करता आलं.

मधली तीन मिनिटं म्हणजे आराम नाही. सायकलवरून उतरायचं नाही, पाय थांबवायचे नाहीत. पायांचे स्नायू हलत राहिले की ते रक्त वर हृदयाकडे ढकलतात. एकदम थांबलं तर रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. शिवाय जोराच्या फेरीत तयार झालेलं लॅक्टेट हे नुसतं टाकाऊ नसतं, हळू पेडल मारताना हृदय आणि स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात. या तीन मिनिटांत माझे ठोके 175 वरून 130 च्या आसपास उतरायचे. पहिल्या आठवड्यांत तीन मिनिटं संपली तरी 140 च्या खाली येत नव्हते. पुढे दोन मिनिटांतच 130 व्हायला लागले. आपला दम वाढतोय हे मला सर्वात आधी इथे कळलं, यो-योच्या खूप आधी.

चौथी फेरी पहिलीसारखी झाली पाहिजे, हा या व्यायामाचा कणा. मॅडम चारही फेऱ्यांचे वॅट किंवा फेरे लिहायच्या. चौथ्या फेरीत आकडा फार घसरला तर शाबासकी नाही, पुढच्या वेळी भार कमी. पहिल्या फेरीत उधळणाऱ्या मुलींना हे पटायला वेळ लागला, कारण आपल्याकडे जी ओकेपर्यंत पळते ती चांगली खेळाडू असा समज आहे. मला तो समज मुळीच मान्य नाही. हृदयाला फायदा होतो तो ठोके 90 ते 95 टक्क्यांत असताना घालवलेल्या मिनिटांचा. चार फेऱ्या नीट झाल्या तर ती मिनिटं दहाच्या आसपास जमतात. पहिल्याच फेरीत संपून गेलं तर दोन-तीन.

ही पद्धत आमच्या मॅडमची नाही, त्या तसं म्हणतही नाहीत. नॉर्वेत यान हेल्गेरूड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ज्युनियर फुटबॉल खेळाडूंकडून हीच चार गुणिले चार मिनिटांची पद्धत, धावण्यातून, आठ आठवडे आठवड्यातून दोनदा करून घेतली. त्यांचा व्हीओटू मॅक्स 58.1 वरून 64.3 वर गेला आणि सामन्यात कापलेलं अंतर 20 टक्क्यांनी वाढलं. 2007 च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की यात हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकायला लागतं. दम वाढण्याचं मूळ तिथे आहे. फुटबॉलमध्ये त्याचा उपयोग असा की स्प्रिंटनंतर स्नायूंतला ऊर्जेचा तात्पुरता साठा पुन्हा भरायला प्राणवायूच लागतो. जिचं हे भरणं लवकर होतं, ती पुढच्या चेंडूला आधी पोचते.

मुलींनी मध्येच विचारलं, "मॅडम, तबाता करूया ना? चार मिनिटांत होतं." मोबाइलवर तबाता नावाने जे चालतं त्याचा मूळ प्रयोगाशी फारसा संबंध नाही, हे मला तेव्हा कळलं. इझुमी तबाता यांचा 1996 चा प्रयोग सायकलवरच झाला होता. पद्धत जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक इरिसावा यांची. 20 सेकंद जोर, 10 सेकंद विश्रांती, सात-आठ वेळा. पण तो जोर व्हीओटू मॅक्सच्या 170 टक्के भाराचा! आठव्या वेळी माणूस पूर्ण संपलाच पाहिजे, पेडलचे फेरे मिनिटाला 85 च्या खाली गेले की थांबवायचे. तेही आठवड्यातून चार दिवस आणि पाचव्या दिवशी थोडं सौम्य, असं सहा आठवडे. व्हीओटू मॅक्स 7 मिलिलिटरने वाढला हे खरं. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात 2005 मध्ये 30 सेकंदांच्या पूर्ण ताकदीच्या स्प्रिंट करून घेतल्या. दोन आठवड्यांत ठरावीक भारावर टिकण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला, पण व्हीओटू मॅक्स हलला नाही. म्हणजे थोड्या वेळात फायदा मिळतो, पण त्याची किंमत तीव्रतेत मोजावी लागते, आणि परीक्षा, प्रॅक्टिकल, बसचा प्रवास सांभाळणाऱ्या मुलींना ती दर वेळी परवडत नाही. चार मिनिटांच्या फेऱ्या कठीण असतात, पण दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाता येतं.

दमटपणाने मात्र छळलं. बाहेर धो धो पाऊस, आत घाम सुकत नाही. घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही, मग रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच भाराला ठोके जास्त पडतात. एकदा करंट गेला आणि पंखे बंद पडले, तर नेहमीच्या वॅटला माझे ठोके सात-आठने वर होते. अशा दिवशी भार उतरवायचा, ठोके तेच ठेवायचे. आधी आणि नंतर वजन करायचो. जितकं वजन कमी, तितकं पाणी हळूहळू भरून काढायचं. मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत मी घरून बाटलीत न्यायचे, नंतर आठ बाटल्या भरून न्यायला लागले, कारण सगळ्यांनाच हवं असायचं. पाळीच्या दिवसांत काय करायचं ते मॅडमनी प्रत्येकीवर सोडलं होतं. मी पहिल्या दिवशी हळू फेरी करायचे, दुसऱ्या एखादीला काही फरकच पडायचा नाही.

चतुर्थी आली आणि सगळ्या गावाला गेल्या. आमच्या डिचोलीच्या घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, पाहुणे, पातोळ्या, नेवऱ्या, रोज खतखतं. मला भीती होती की केलेलं सगळं वाया जाईल. मॅडमनी जाताना सांगितलं होतं की प्रशिक्षित खेळाडूंवरच्या 1984 च्या एका अभ्यासात व्यायाम पूर्ण थांबवल्यावर तीन आठवड्यांत व्हीओटू मॅक्स सात टक्क्यांनी उतरला होता. एका आठवड्याने आभाळ कोसळत नाही. तरी मी भावाची गिअरची सायकल घेऊन आमच्या देवळामागच्या चढावर गेले. चढ चार मिनिटांचा नाही, म्हणून दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या केल्या. रस्त्यावर ओलं शेवाळ होतं, उतरताना चाकं सरकत होती, त्यामुळे उताराला सायकल हातात धरून चालत आले. काकी अंगणातून बघत होती. म्हणाली, "गौरी येऊन गेल्या, तरी तुझं आपलं सुरूच!" आणि आत जाऊन माझ्यासाठी पेज वाढून ठेवली.

ऑक्टोबरमध्ये मैदान सुकलं. पहिल्या दिवशी वाटलं, छाती किती मोकळी आहे! सगळ्याजणी धावत सुटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्या आणि मांडीचे मागचे स्नायू असे धरले की जिना उतरवेना. याचं कारण सरळ आहे. सायकलवर पाय फक्त ढकलतो, जमिनीवर आपटत नाही. धावताना प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असताना वजन झेलतो, थांबताना आणि वळताना तर जास्तच. त्याची सवय सायकल देत नाही. सायकल हृदय तयार करते, पायांना मैदान पुन्हा शिकवावं लागतं. मॅडमना हे माहीत होतं, म्हणून पुढचे दोन आठवडे धावणं थोडं थोडं वाढवलं आणि एक सायकलचा दिवस तसाच ठेवला. ज्या टीम सायकलवर दम करतील त्यांनी हा पुलासारखा मधला काळ गाळू नये. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटला तर सगळा पावसाळा फुकट.

यो-यो पुन्हा घेतली तेव्हा माझे 1120 मीटर झाले. सूत्राने 45.8. त्याहून जास्त आनंद दुसऱ्या आकड्याचा झाला: 100 वॅटवर पाच मिनिटं चालवल्यावर आधी 158 ठोके पडायचे, आता 146. तेच काम, कमी धडपड. विंगरचं हिमोग्लोबिन 12 च्या वर गेलं होतं, शेवटच्या काही आठवड्यांत ती जोराच्या फेऱ्याही करत होती, आणि तिची वाढ आमच्या सगळ्यांपेक्षा मोठी होती. आता तिला आळशी म्हणायची कोणाची हिंमत नाही. गोलकीपरचे मीटर मात्र फारसे वाढले नाहीत. तिने एकही दिवस चुकवला नव्हता. सारख्याच व्यायामाला प्रत्येकाचं शरीर वेगळा प्रतिसाद देतं, हे अमेरिका आणि कॅनडातल्या हेरिटेज कुटुंब अभ्यासात शेकडो लोकांवर दिसलंय, आणि त्यातला बराच भाग आनुवंशिक असतो. तिला हे नीट समजावून सांगितलं नसतं तर तिने स्वतःलाच दोष दिला असता. तिच्यासाठी आता लांब, हळू राइडचा एक दिवस वाढवलाय, त्याने काय होतं ते बघतोय.

सीझनमध्ये आम्ही चार मिनिटांच्या फेऱ्या आठवड्यातून एकदाच करतो, सामन्यापासून तीन-चार दिवस दूर. मिळवलेला दम टिकवायला व्यायामाचे दिवस कमी चालतात, जोर कमी चालत नाही. यंदा जूनपासून कबड्डीच्या मुलीही यायच्या म्हणतात. सायकली तेवढ्याच आहेत, म्हणून दोन गट करावे लागतील. पेडणे आणि सत्तरीच्या मुलींना सकाळचा गट द्यावा असं मी मॅडमना सुचवलंय, कारण संध्याकाळचा गट संपेपर्यंत त्यांची शेवटची बस निघून जाते. रक्ततपासणी मेमध्येच उरकायची, हे आधीच ठरलंय.